सात नंबर, ऐकू येतंय का

परभणीला कृषी विद्यापीठाच्या हवामान विभागात मी सहायक म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं की थर्मामीटर वाचायचे, वहीत आकडे लिहायचे, झालं. पण दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला वायरलेसच्या खोलीत नेऊन बसवलं. आधीचा माणूस बदलीवर गेला होता आणि त्या यंत्राला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

टेबलावर काळा सेट, खाली ट्रकला असते तसली बॅटरी आणि वेटोळ्या वायरीला लोंबणारा माइक. जिल्ह्यात विद्यापीठाची शेतं होती, तिथंही असेच सेट होते. प्रत्येक शेताला एक नंबर, आणि आम्ही ‘बेस’. सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला मी एकेकाला हाक मारायची. त्यांनी तापमान, पाऊस, वारा सांगायचा. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. एवढी साधी गोष्ट, पण पहिले काही दिवस मी बटण दाबून धरूनच उत्तराची वाट बघायचे आणि उत्तर का येत नाही म्हणून घाबरायचे.

सगळ्यात अवघड सात नंबर. गंगाखेडच्या पलीकडं, राणीसावरगावच्या वाटेवरचं शेत. छपरावरच्या एरियलचं तोंड नेमकं तिकडं वळलं तरच आवाज यायचा. ते काम मामांचं. मामा म्हणजे आमचे शिपाई, पन्नाशीचे; लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. ते जिन्यानं वर जायचे, लोखंडी पाइप दोन्ही हातांनी फिरवायचे आणि ओरडायचे, “आला का?” मी खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, “अजून थोडं!” मग खरखरीतून एक जाड आवाज वर यायचा. “बेस, नमस्कार ताई. किमान अकरा पॉइंट दोन. पाऊस निरंक. ओव्हर.” त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. आकड्यांपलीकडं तो एक शब्द बोलायचा नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता, त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. गावात रोज नवी आवई उठायची. एस.टी. बंद पडली, रेल्वे कुठंतरी रोखून धरली, गंगाखेडकडचे फोन लागेनात. तारा तोडल्या असं लोक म्हणत. ऑफिस अर्धं रिकामं. त्यात एका सकाळी कॅन्टीनमध्ये कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “तिकडं वस्त्या पेटल्यात म्हणे.” कुठं, कधी, कोणी पाहिलं, काही नाही. मामा तिथंच कपबशा गोळा करत होते.

मामांचं गाव सात नंबरपासून दोन कोसांवर. तिथल्या बौद्धवाड्यात त्यांची म्हातारी आई होती, भावाचं घर होतं. हे मला माहीत होतं.

त्या दिवशी मामा न सांगता छपरावर गेले आणि एरियल दक्षिणेकडं, सात नंबरच्या दिशेला फिरवून ठेवली. बाकीच्या नंबरांचे आवाज बसले. त्यांच्यापैकी कोणाला मी हाक मारली की मामा पाइप फिरवायचे. काम झालं की थोड्या वेळानं एरियलचं तोंड पुन्हा दक्षिणेला. का ते मला कळलं होतं, तरी सात नंबरला मी त्यांच्या गावाचं विचारलं नाही.

भिंतीवर टाइप केलेला कागद होता: सेटवरून फक्त कार्यालयीन संदेश. आपण बोललेलं सगळ्या नंबरांना ऐकू जायचं, साहेबांच्या केबिनमधल्या सेटवरही. हे कारण सांगायला सोपं. दुसरं सांगायला जड जातं. मी देवगाव फाट्याकडच्या बागायतदार घरातली. आमच्या घरी त्या वर्षांत नामांतरावर जे बोललं जायचं, ते मी ताटावर बसून ऐकलेलं होतं, आणि गप जेवत राहिले होते. सात नंबरचा माणूस बोलण्याच्या ढबीवरून मला आमच्याकडच्यासारखाच वाटायचा. त्याला बौद्धवाड्याचं विचारलं आणि तो काही वेडंवाकडं बोलला तर? वर पाइप धरून उभ्या असलेल्या मामांना मग मी काय सांगायचं?

म्हणून मी किमान तापमान विचारलं, पाऊस विचारला, वारा विचारला आणि ओव्हर म्हणाले. दुपारी तेच. दुसऱ्या सकाळीही तेच. डबा उघडायचे आणि मिटायचे. खुर्चीत बसवेना, उठून खिडकीशी गेलं की तिथंही थांबवेना. लिहिलेले आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. त्यांत चूक नव्हती.

त्या दुपारी मामांनी चहा आणून ठेवला. बशी टेबलावर वाजली. मी विचारलं, “मामा, गावाकडचं काही कळलं का?”

“कसं कळंल मॅडम? समदं बंद हाय.” ते दाराशी थांबले. “तुमी रोज बोलायलाव त्या माणसाशी. पण सरकारी काम हाय. मला कळतंय.”

मी माइक जवळ ओढला. म्हणाले, “वर जा मामा. एरियल धरा.”

सात नंबरनं आकडे दिले. मी ते लिहिले, बटण दाबलं आणि एका दमात बोलून टाकलं. गावाचं नाव, बौद्धवाडा, मामांच्या आईचं नाव. “त्या सुखरूप आहेत का, एवढं कळायला पाहिजे. ओव्हर.”

नुसती खरखर. मग मध्येच तीन नंबर हसत म्हणाला, “बेस, हे घरगुती बोलणं कवापासून चालू झालं?”

“तीन नंबर, तुमी जरा गप बसा.” तो जाड आवाज. “बेस, म्हातारीचं नाव पुन्हा सांगा. सायकल हाय माझ्याकडं, जाऊन बघून येतो. सेट बंद करू नका. ओव्हर.”

तीन वाजले, चार वाजले. मी मामांना खाली या म्हटलं, तर वरूनच म्हणाले, “अन् पाइप हलला तर?” ते तो धरूनच उभे होते. त्या दुपारभर एकही नंबर मध्ये बोलला नाही, तीन नंबरसुद्धा नाही. उन्हं कलली तेव्हा आवाज आला. तो धापा टाकत होता.

“बेस, सात नंबर. वाड्यातली माणसं हायती. परवा दगडफेक झाली, दोन घरांचे पत्रे फुटले. पेटवापेटवी न्हाई झाली. बाया-लेकरं शाळेत निजायलेत. म्हातारी घरीच हाय. शाळेत चला म्हणलं, तर कोंबड्या कोण बघंल म्हणली. भावाच्या हाताला दगड लागलाय, पट्टी बांधलीया. मी माझ्या डोळ्यानं बघून आलो. अन् म्हातारीचा निरोप हाय, लेकाला म्हणावं इकडं निघू नको, रस्ता बरा न्हाई. ओव्हर.”

मी खिडकीतून वाक्य न् वाक्य वर सांगितलं. बऱ्याच वेळानं मामा उतरले, नळावर तोंड धुतलं आणि दारात येऊन विचारलं, “कोणच्या हाताला?”

मी पुन्हा बटण दाबलं. “डाव्या,” सात नंबर म्हणाला. “बोटं हलायलीत.”

थोड्या वेळानं तीन नंबर बोलला. आवाजातलं हसू गेलं होतं. “बेस, आमच्याकडच्या एका मजुराची बहीण जिंतूरकडं दिलीया. तिकडचं काही कळंल का?” पुढचे दोन दिवस मी असे निरोप इकडून तिकडं दिले. काहींची उत्तरं आली, काहींची आली नाहीत.

मग साहेबांनी मला मेमो दिला, वायरलेसच्या अनधिकृत वापराबद्दल. देताना ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांच्या केबिनमधला सेट त्या दुपारी चालूच होता. त्यांनी मनात आणलं असतं तर तेव्हाच थांबवलं असतं. मी खुलाशात लिहिलं, वापर केला हे खरं आहे. मला वायरलेसवरून काढून बाहेर थर्मामीटर वाचायला लावलं. सात नंबरचा तो आवाज मी नंतर ऐकला नाही. तो कोण होता, कुठल्या घरचा, हे मी कोणाला विचारलंही नाही. मला ते आधी फार महत्त्वाचं वाटलं होतं.

गाड्या सुरू झाल्यावर मामा गावी गेले आणि आईला क्वार्टरवर घेऊन आले. म्हातारी उन्हाळाभर राहिली आणि करमत नाही म्हणून परत गेली.

मामांनी माझे आभार मानले नाहीत, तेच बरं झालं. फक्त एकदा, मी पर्जन्यमापकापाशी बसले असताना ते जवळ येऊन म्हणाले, “त्या दिवशी तुमी इचारलं, लय बरं झालं. मी आदल्या सकाळपासून वाट बघायलो होतो, आता इचारतील, मग इचारतील.”

तक्रार नव्हती त्यात. मी मान खाली घालून आकडा लिहिला.