रोबोटचं लिंबू

मी वीस वर्षं टेम्पो चालवतोय आणि लिंबू-मिरची बांधल्याशिवाय गाडी कधी किकवी गावाच्या बाहेर काढलेली नाही. आमच्या शर्वरीचा रोबोटही चाकांवरच चालत होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

नववीतल्या पोरीनं तो घरच्या भंगारातून उभा केला होता. धड फरसाणाच्या डब्याचं, चाकं लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांची (लोणचं अजून उघडंच आहे!), मोटारी मोडक्या खेळण्यांतल्या. विकत आणला तो फक्त सेन्सर, अगदी दोन डोळ्यांसारखा. समोर काही आडवं आलं की रोबोट वळून दुसरी वाट धरायचा. भोरच्या रोबोट-स्पर्धेत त्यानं खोक्यांना न धडकता पलीकडं जायचं होतं. पहिला नंबर आला की पुण्याची फेरी! पोरगी महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी ती नाव नोंदवायला गेली आणि रोबोट माझ्याकडं सोपवला. नवी गाडी, पहिलीच फेरी, वर एवढ्या लोकांची नजर. मला राहवेना. टेम्पोवरचं ताजं लिंबू-मिरची सोडलं आणि रोबोटच्या तोंडासमोर तारेनं झकास टांगलं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. पोरीची धावपळ नको म्हणून रोबोट मीच नेऊन ठेवला आणि बटणही दाबलं.

रोबोट निघाला, थबकला, वळला. पुन्हा थबकला, वळला. मग जागेवरच गरागरा फिरू लागला. मला वाटलं, आधी प्रदक्षिणा घालतोय. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दोघांनीही वाजवल्या! शर्वरी धावत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि माझ्या टाळ्या थांबल्या.

परीक्षक मॅडम खाली वाकल्या. हे पुढं काय लावलंय, म्हणाल्या.

"नजर लागू नये म्हनून, मॅडम."

"अहो, तो वळेल तिकडं त्याला लिंबूच आडवं येतंय. वाट दिसणार कशी?"

"पप्पा, तुमी रोबोटला हात लावला?" शर्वरीनं हळूच विचारलं.

"न्हाई. नुसतं लिंबू बांधलं."

नशिबानं दुसरी संधी होती. तिनं लिंबू-मिरची सोडून माझ्या हातात दिलं. मग रोबोट खोक्यांमधून असा निघाला, की मीसुद्धा बाजारातून टेम्पो इतक्या सफाईनं काढत नाही. पहिला नंबर! मला भरून आलं, मी डोळे पुसले. रोबोट धावत असताना त्याच हातानं धास्तीत मिरच्या कुस्करल्या होत्या. बक्षीस समारंभ मी नळाखाली ऐकला.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी शर्वरीनं रोबोटच्या पाठीवर माझ्याकडून रंगवून घेतलं, 'सुरक्षित अंतर ठेवा'. मी अक्षर सुबक काढलं.

"पण मागं कुठली गाडी येनार हाय?" मी विचारलं.

"गाडी न्हाई, पप्पा. तुमी येताय न्हवं."