सरांच्या गोळ्या

देशाला किती मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक लागतील, ते कसे तयार करायचे, याची योजना ठरवायला हिंजवडीतल्या एका हॉटेलात बैठक होती. मी येरवड्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक. केंद्राचे एकुलते एक डॉक्टर, आमचे सर, त्या योजनेचे मुख्य लेखक. मला त्यांनीच सोबत नेलं होतं. तेव्हा आयटीतली तरुण मुलं दारूपायी आमच्याकडे यायला लागली होती आणि सर एकटे पुरे पडत नव्हते.

सर छान बोलले. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "या लोकांवर ताण येईल, त्याचं काय?"

"होते सवय," सर हसून म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते दिसेनात म्हणून मी खाली पार्किंगमध्ये गेले. गाडीचं दार उघडं होतं. सरांनी पाकिटातल्या गोळ्या तळहातावर काढल्या आणि पाण्याशिवायच गिळल्या.

"सर, बरं नाही का?"

त्यांनी पाकीट लपवलं नाही. "झोपेच्या आहेत. दिवसाही घेतो. नाही घेतल्या तर हात थरथरतात. बरीच वर्षं झाली."

'कधीपासून घेतात?' हा प्रश्न मी रोज कुणाच्या ना कुणाच्या बायकोला विचारायचे. शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल तो मनात कधी आलाच नव्हता.

"कुणाला तरी दाखवा ना, सर."

"कुणाला? पुण्यातले सगळे एक तर माझे मित्र, नाही तर विद्यार्थी. तुम्हीच नाव सुचवा."

"मग पुण्याबाहेरचं कुणीतरी शोधू या," मी म्हणाले.

त्यांच्याच परवानगीने मी मॅडमना, त्यांच्या पत्नीला, फोन लावला. कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलले का एकदाचे? मी वाटच बघत होते, अहो." मी तिथेच पायरीवर बसले.

सर नागपूरला दाखल झाले. गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या. फार त्रास झाला त्यांना. आमचं केंद्र कितीतरी महिने डॉक्टरांविना चाललं. मुलांना घेऊन लांबून आलेल्या आयांना परत पाठवताना माझी मान वर होत नसे.

बरे झाल्यावर सरांनी पेशंट तपासले नाहीत, ते शिकवायला लागले. नव्या समुपदेशकांच्या पहिल्याच तासाला त्यांनी स्वतःचीच केस सांगितली. पुढच्या बाकावरच्या मुलीचा हात तोंडावर गेला. सर थांबले, म्हणाले, "विचारा, काय विचारायचंय ते."