नीलबंध

माझ्या धाकट्या दिरांची विज्ञानकथा एका दिवाळी अंकानं घेतली, म्हणून बदलापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार! अजून छापून यायची होती, पण धीर कुणाला? उल्हासनगरहून होलसेलात आणलेल्या शालींपैकी एक खांद्यावर पडली आणि भाऊजींची छाती अशी फुगली, जणू कथेतलं रसायन त्यांनीच शोधलंय.

मग वाचन. कथेतला कामगार अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत असतो. एक दिवस त्याच्या अंगावर नीलबंध नावाचं रसायन सांडतं. ते थेट डीएनएला जाऊन चिकटतं आणि गडी अजरामर होतो! अंधारात निळा चमकतो म्हणे, भिंतीबिंती फोडतो. लोक टाळ्या वाजवतायत. मला मेलं हसावं की रडावं कळेना.

कारण तसल्या कंपनीत खरोखर राबले ते आमचे हे. चमकबिमक काही नाही. ह्यांच्या घामातून पिवळा रंग उतरायचा. उशी पिवळी, टॉवेल पिवळा. ह्यांचे कपडे मी कायम वेगळ्या बादलीत भिजवले. भाऊजींनी कंपनीच्या गेटात कधी पाऊल टाकलं नाही. घरी यायचे, लाडू चेपायचे आणि विचारायचे, "दादा, नवीन केमिकल काय आलं?" मोठे आले शास्त्रज्ञ!

सत्काराच्या त्या रविवारी हे पहिल्या रांगेत बसले होते. काही दिवस लघवीतून रक्त जात होतं. मूत्राशयातला तुकडा काढून तपासायला दिला होता, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. कामाला कुठे होतात, असं डॉक्टरांनी विचारलं होतं आणि उत्तर ऐकून म्हणाले होते, रंगातली काही रसायनं आत जाऊन चिकटतात, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. भाऊजींना हे सगळं ठाऊक होतं. तरी हीच कथा वाचली! माझं डोकंच फिरलं.

"कुणाला काही शंका?" भाऊजींनी ऐटीत विचारलं.

ह्यांनी हात वर केला. "ते चिकटलेलं निघतं कसं रे?"

"निघत नाही दादा! तीच तर गंमत आहे."

हॉलभर हशा. मी ताडकन उठले. चांगली खरडपट्टी काढणार होते, पण ह्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग भावाकडे बघून हळूच म्हणाले, "छापायच्या आधी तेवढं बदल ना. गोष्टीत तरी निघू दे."