पाहुणी म्हणून

मुलुंडच्या आमच्या बागेत ती रोज संध्याकाळी एका आजींना व्हीलचेअरवरून फिरवायला आणायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तिचा हात आजींच्या खांद्यावरची शाल सारखी करत असायचा.

एकदा ती आधी कामाला होती त्या घरच्या सूनबाईंचा तिला फोन आला. तिथल्या आजोबांचं सगळं हीच करायची. पण तिला न सांगता खोलीत कॅमेरा बसवलाय हे कळलं, आणि तिने काम सोडलं. आता आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नव्हते.

"मावशी, कॅमेरा काढलाय. या ना परत," स्पीकरवर ऐकू आलं.

तिने आजींची शाल सारखी केली. मग म्हणाली, "आजोबांना द्या फोन." आणि मोठ्याने, "आजोबा, जेवून घ्या. रविवारी येते मी."

मी विचारलं, "म्हणजे परत जाणार?"

"कामाला नाय. कॅमेरा काढला तरी माझी नजर त्या कोपऱ्यातच जाणार ना."

रविवारी ती रिक्षा स्टँडवर दिसली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात कुळथाच्या पिठीचा डबा.

"पाहुणी म्हणून चाललेय," ती हसली. "आज चहा त्यांनी करायचा."