शिंपीकाका ना?

वॉर्डात हेडसिस्टरांना पाठीमागे सगळे ‘सीआयडी’ म्हणायचे. नोकरीला लागल्यापासून त्यांनी कुणाच्या ‘दिलं हो औषध’वर विश्वास ठेवला नव्हता. आधी बाटलीचं लेबल वाचायच्या, मग बाटली देणाऱ्याचा चेहरा. घरीही तेच. सुनेने भाजी केली की पहिला चमचा यांचा.

त्यात सून त्याच वॉर्डात नर्स. घरची उलटतपासणी संपली की इथली सुरू.

“किती घेतलंस?”

सुनेने इन्सुलिनची सिरिंज पुढे केली. “डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच.”

“लिहिलंय किती ते मला दिसतंय. तू किती घेतलंस?”

“आई, लक्ष देऊन घेतलंय.”

“सकाळी दुधाकडेही ‘लक्ष आहे’ म्हणाली होतीस.”

दूध उतू गेलं होतं.

सासूबाईंनी सिरिंज डोळ्यांशी नेली, बाटलीशी ताडून पाहिली, पुन्हा सुनेकडे पाहिलं. सगळं बरोबर होतं. त्यामुळे तर संशय जास्तच वाढला.

“आण इकडे. मीच देते.”

खिडकीजवळची कॉट शिंपीकाकांची, त्यांची साखर वाढलेली. डोक्यावरून चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून माणूस पडला होता. मनगटावरचा नावाचा पट्टाही चादरीतच.

“शिंपीकाका ना?”

“हं.”

त्यांनी चादर सरकवून दंड मोकळा केला.

“आई, थांबा.” सुनेने सासूबाईंचं मनगटच धरलं.

“हात सोड.”

“तुम्ही नाव विचारलं नाहीत. नाव सांगितलंत.”

नियम सासूबाईंचाच. पेशंटच्या तोंडात नाव घालायचं नाही. झोपेत माणूस कशालाही हं म्हणतो. यावरूनच त्यांनी सुनेला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं होतं.

“काका, पूर्ण नाव सांगा बघू,” सून म्हणाली.

चादर खाली आली. शेजारच्या कॉटवरचे मास्तर. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी.

“शिंपीबुवा माझ्या कॉटवर आहेत. मला पेपर वाचायला उजेड हवा होता, म्हणून जागा बदलली. का, माप घ्यायचंय?”

कुणी हसलं नाही. उपाशी पोटी ते इंजेक्शन गेलं असतं तर साखर झरकन उतरली असती. मास्तरांची शुद्ध गेली असती, कदाचित परत आलीही नसती.

सासूबाईंनी सिरिंज सुनेकडे परत दिली. सगळा संशय सुनेवर खर्च झाला होता. कॉटसाठी उरलाच नव्हता.

शिंपीकाकांना इंजेक्शन सुनेने दिलं, नाव विचारून, पट्टा वाचून. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, “राहू द्या आई. काही झालं तर नाहीच ना. कुणाला कळायची गरज नाही.”

सासूबाईंनी नेहमीच्या नजरेने पाहिलं. “झाकून तुला काय मिळणार?”

“मला? काही नाही हो.”

“मग झाकायचं नाही. उद्या दुसरे दोघं जागा बदलतील, आणि मनगट धरायला तू नसशील.”

आपली चूक सांगायला सासूबाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच ठेवलं, सुनेला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी भाजी सासूबाईंनी केली. चमचा सुनेपुढे आला.

“मीठ बघ.”

“तुम्ही घातलंय म्हणजे बरोबरच असणार.”

“हेच,” डोळे बारीक करून त्या म्हणाल्या, “हेच नकोय मला.”