बर्फावरच्या तंबूतलं बाळंतपण

माझ्या भावाला सरळ वस्तू आणताच येत नाही. लोकांची पोरं परदेशातून येतात तर चॉकलेटं आणतात, सेंट आणतात, बापाला स्वेटर आणतात. आमचा दिवटा कॅनडातून दिवाळीला आला तो खांद्यावर लांबलचक पिशवी टाकून. आत काय, तर तंबू! तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात म्हणे. त्या बर्फावर हा तंबू उभा करायचा, आत बसून बर्फाला भोक पाडायचं आणि भोकात गळ सोडून मासे धरायचे. त्याच्या कारखान्यातला कुणी गोरा त्याला एकदा घेऊन गेला आणि याला नाद लागला.

मी तेव्हा पिंप्राळ्याला सासरी होते, पोटात बाळ. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. तंबू अंगणात पहिल्यांदा उभा केला ते मी पाहिलं नाही. भाऊबीजेला गेले तेव्हा ऐकलं, तेही प्रत्येकाकडून वेगळं. सगळी गल्ली जमली होती. प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक पट्टा असतो, तो धरून बाहेर ओढला की भिंत फट्‌कन फुगते. असं करत चारही भिंती, मग छत. कापड जाड, आत अस्तर भरलेलं, आणि तळ नाहीच. तळ असला तर बर्फाला भोक कसं पाडणार? शेजारची काकू म्हणाली, "बरफले भोक पाडीसन मासा धरतंस? त्यासनाकडे बाजार भरस नही का?" भाऊ सोडून सगळे हसले.

त्याने तो आणला होता नानांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी. शेतावर वीज रात्रीची, आणि हिवाळ्यात नाना पाण्याच्या मोटारीपाशी घोंगडी पांघरून कुडकुडत बसतात, हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्याने नानांना एकेक गोष्ट समजावली. पट्टा कसा ओढायचा, खालच्या झालरीवर वजन कसं ठेवायचं, म्हणजे वारा शिरत नाही. आणि वरच्या कोपऱ्यांत दोन जाळ्या आहेत, त्यांच्यावर झडपा आहेत. "नाना, आत शेगडी पेटवली तर या दोन्ही उघड्या पाहिजेत. पाहिजेतच." नाना हो म्हणाले. माय तेव्हा स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. मासे धरायच्या तंबूशी तिला काय करायचं होतं? हे सगळं मला फार नंतर कळलं. कळून उपयोग नव्हता तेव्हा.

भाऊ परत गेला. नानांनी तंबू शेतात एकदाही नेला नाही. "चोरी जाई," म्हणाले आणि पिशवी माळ्यावर टाकली.

ऐन थंडीत धुळ्याला देवपूरच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. घरी जायचं तर माहेरचं घर अर्धवट. भाऊ पाठवेल तसं नवं बांधकाम चढत होतं. स्लॅब पडला होता, पण खिडक्यांना झडपा नव्हत्या, गोणपाटं टांगलेली. रात्रभर ती फडफडायची. डॉक्टरणीने बजावलं होतं, शेगडी नको, धुरी नको. मायने तिच्यापुढे मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तिनं काय जास? वारा लागना तं मन्ही आंडेरले लागी." आंडेर म्हणजे लेक. मायच्या तोंडी हा शब्द आला की पुढे कुणाचं काही चालत नसे.

तंबूची आठवण तिलाच झाली. किती खूश झाली होती! "तळ नही, म्हणजे बाज मझार मावस, बाजखाले इस्तो ठेवता यी. कापड जळाची भीती नही. हाऊ तंबू बाळंतीणकरताच शे, तो मासावालासले काय समजस!" मझार म्हणजे आत, इस्तो म्हणजे निखारे. मी पोचायच्या आत नानांनी खोलीत तंबू उभा करून, मध्ये बाज टाकून ठेवली. झालरीवर तिकडे बर्फ लोटतात, नानांनी बांधकामाची रेती ओढली. मग बाहेर पडले ते पडलेच. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाय ठेवत नाही. सोयर फिटेपर्यंत नाना ओसरीवरूनच विचारायचे, "नात कशी शे?" आणि माय आतून ओरडायची, "तुमनासारखी शे, नुसती जपस!" जपस म्हणजे झोपते.

खोटं कशाला बोलू, पहिला दिवस मला फार बरं वाटलं. बाजेखाली शेगडी, ओव्याचा आणि वावडिंगाचा वास, छातीशी लेक. बाहेर गोणपाटं आपटत होती आणि आत आम्ही तिघी उबेत. सासरचं, नोकरीचं, सगळं विसरले. माय खाली बसून माझे तळवे चोळत होती आणि माझ्या जन्माच्या वेळची थंडी याच्यापुढे कशी जास्त होती ते सांगत होती. मला वाटलं, भाऊ आपला वेडा असला तरी चांगलं काहीतरी आणलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मायला वरच्या जाळ्यांतून वारा येताना लागला. झडप दाबली तरी कडेने फट राहायची. तिने गोधडीची सुई आणि दुहेरी दोरा घेतला, बाजेवर माझ्या पायाशी उभी राहिली आणि दोन्ही झडपा शिवून टाकल्या. गोधडी शिवावी तशा, बारीक टाक्यांत. शिवताना माझ्याशी गप्पा मारत होती. मी खालून म्हणाले, "माय, पडशील." ती म्हणाली, "पडसू तं तुन्हा आंगवर पडसू, मऊ शे."

तेव्हापासून माझं डोकं दुखायला लागलं. कपाळावर कुणी पाटा ठेवलाय असं दुखायचं. मळमळायचं. उठून बसले की घर फिरायचं. बाळ दूध ओढेना, मलूल पडून राही. मायने कपाळाला हात लावला, जीभ पाहिली आणि निदान केलं, "वारा शिरना." अंगात वारा शिरला म्हणे. झालं! शेगडी आणखी भरली. झालरीवर रेती वाढवली, दाराची चेन वर-खाली दोन्ही बाजूंनी ओढून घेतली. मला वांती झाली तेव्हा तर ती घाबरलीच. दिवसातून चारदा इस्तो बदलायला लागली. तिचंही डोकं दुखत होतं, पण ती म्हणायची जागरणानं. आता हे आठवलं की हात चावावेसे वाटतात. आमच्या डोक्यात एकच, की थंडी बाधतेय. दुसरं काही असू शकतं हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणारी मावशी आली. न्हाणी मागच्या अंगणात. एरवी माय सोबत यायची, पाणी विसणायला. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जा. मी मझार गरम करी ठेवस. न्हायीसन उनी आन् गार खोलीमा शिरनी तं बठ्ठं वाया." मी बाळाला घेऊन बाहेर आले. आतून चेन ओढल्याचा आवाज झाला.

अंगणात मोकळ्या हवेत मला हुशारी आली. मावशीने बाळाला पायांवर घेऊन चोळलं तर पोरगी असं रडली, असं रडली की मावशी हसून म्हणाली, "गळा तं मोठा शे तुन्हा!" दोन-तीन दिवसांनी ती तशी रडली होती. मला आनंद झाला. मावशीने सगळं सावकाश केलं, दोघींना धुरी दिली, वेणी घातली.

परत आले तर चेन बंद. हाक मारली, उत्तर नाही. मावशीने चेन ओढली. माय बाजेला डोकं टेकून बसली होती, चिमटा हातात. आम्हाला वाटलं, डोळा लागला. हलवलं तर कलंडली.

मावशीने आणि शेजारच्या काकूने तिला ओढत ओसरीवर आणलं. नाना शेतात होते. गावातला डॉक्टर आला, नाडी पाहिली, हार्ट म्हणाला. मायचा चेहरा गुलाबी दिसत होता, ओठ लाल. बाया हळदकुंकू लावताना म्हणत होत्या, काय तेज आहे बघा, सवाष्ण गेली, भाग्याची. मला इतका राग आला की एकीचा हात मी झटकला. कसलं भाग्य? सहा दिवसांच्या बाळंतिणीला टाकून जायचं, हे भाग्य? एकाच घरात सोयर आणि सुतक. मी बाळाला घेऊन कोपऱ्यात बसले, आणि नाना अंगणात, कुणाकडेही न बघता.

भावाचे कागद तिकडे सरकारदरबारी अडकले होते. निघाला असता तर परत जाता आलं नसतं. मायला अग्नी दिला तो त्याने फोनवरच पाहिला. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. तिकडे रात्र होती, खोलीत एकटा होता, नाक ओढत होता. म्हणाला, "ताई, तू तंबूत होतीस म्हणे. आत शेगडी होती?"

"होती."

"वरच्या जाळ्या उघड्या होत्या ना? नानांना सांगितलं होतं मी. बंद असल्या तर आतली हवा विषारी होते, वास येत नाही, माणसाला कळतसुद्धा नाही. उघड्या होत्या ना, ताई?"

मला तेव्हा सगळं कळलं. डोकं का दुखत होतं, बाळ अंगणातच का रडलं, मायचा चेहरा गुलाबी का होता. आणि त्याला तिकडे कोण होतं? पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

"होत्या," मी म्हणाले.

तंबू मीच उतरवला, मीच त्याची घडी घातली, मीच माळ्यावर टाकला. टाके उसवायला कात्री घेतली होती. पण हात उठेना. मायच्या हातची ती शेवटची शिवण होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मायच्या नावाची घागर भरली तेव्हाही भाऊ नव्हता. वर्षश्राद्धाला आला. माझी लेक तोवर भिंत धरून चालायला लागली होती. पानं उठल्यावर शेजारची काकू घुटमळत आली. तिची लेक बाळंत होऊन घरी यायची होती. थंडी तशीच. "भाऊ, तुन्हा तो तंबू दे ना. तुन्ही माय काय सुखाखाली ठेये आंडेरले त्यामा!"

"न्या की, काकू," भाऊ म्हणाला. "पडूनच आहे."

मी म्हणाले, "नाही द्यायचा."

"अगं, असं काय करतेस? कुणाच्या तरी कामी येऊ दे." मी पुढे काही बोलायच्या आत तो माळ्यावर चढलासुद्धा. त्याला काकूला पट्टे ओढून दाखवायचे होते. ओसरीपुढच्या अंगणातच त्याने तो उभा केला. फट्, फट्, भिंती फुगल्या. माझी लेक दचकून मला बिलगली. भाऊ आत शिरला, काकू त्याच्या मागे. बाहेरून कापडावर त्याचा हात वरच्या कोपऱ्यात फिरताना दिसला.

काकूच बोलली. कौतुकाने बोलली. "काय बारीक टाका शेतस व माय! वाराले जागाच नही. उसवू नको भाऊ, असाच दे."

भाऊ बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर जे पोटात ठेवलं होतं ते मी काकूला सांगितलं, कारण त्याच्याकडे बघून सांगण्याची छाती नव्हती. "काकू, माय हार्टनं नाही गेली. या टाक्यांनी गेली. लेक घरी आली की तिची खिडकी उघडी ठेवा आणि शेगडी आधी बाहेर काढा."

काकू तोंडाला पदर लावून उभी राहिली. भाऊ म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं गं. शपथेवर सांगतो, मी सांगितलं होतं."

ओसरीवर नाना पान लावत होते. ते पान तसंच हातात ठेवून म्हणाले, "माले सांगेल व्हतं त्यानी. मी मझार गऊ नही."