पहिले पाच हजार तुमचे
उसाच्या रसाचा वास आला की धारूरचा घाट आठवतो. ऑपरेशन झालेल्या बहिणीला बीडहून घरी न्यायला मी भाड्याची गाडी घेतली होती, चालवत मीच होतो. घाटातल्या वळणावर उसाच्या ट्रॉलीनं दार चेपलं. गाडीच्या मालकाला फोन लावला. "विमा हाय, पण पहिले पाच हजार तुमचे. त्याच्या वरचं कंपनी देती," तो म्हणाला. "मग आधी कावून न्हाई सांगितलं?" "तुमी इचारलंच कुठं?" त्या उन्हात भांडायचंही त्राण नव्हतं. मागच्या सीटवरून बहीण कण्हत म्हणाली, "दादा, हो म्हण. मला नुसतं आडवं व्हायचंय." मी हो म्हणालो. आता भाड्यानं गाडी घेताना हे आधी विचारतो. बहीण मात्र अजून म्हणते, माझ्यापायी तुला भुर्दंड बसला. घरी पोचताच ती किती दिवसांनी गाढ झोपली, ते तिला कुठं माहीत!